गाडीचं ऑइल थंड काढायचं की गरम, आणि काढलेलं टाकायचं कुठे?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या वाहन पानावर घरच्या घरी बाईकचं ऑइल बदलण्याबद्दल आलं होतं ते वाचलं, विषय चांगला घेतलात, पण "सकाळी गाडी एकदम थंड असताना ऑइल काढा" असं एका ओळीत उरकलंय ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय.

थंड काढणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की इंजिनच्या वरच्या टोकापासून (हेडपासून) सगळं ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये येतं आणि हातही भाजत नाही. पण ऑइलबरोबर गाळपण खालीच बसतो ना! आपल्याकडे गावोगाव पळतात त्या स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाड्या, त्यात बदलायचा कागदी फिल्टर नसतो, एक जाळी असते आणि क्लचच्या कव्हरखाली एक फिरता फिल्टर असतो जो कचरा कडेला फेकतो, तो काय कोणी घरी दर वेळी उघडत नाही. त्यात एकच ऑइल इंजिनला, गिअरला आणि क्लचला. म्हणजे गिअरचा बारीक चुरा, क्लचप्लेटची भुकटी, जळालेली काजळी सगळं त्याच ऑइलात. हे बाहेर पडायला हवं असेल तर ते ऑइलात ढवळलेलं पाहिजे आणि ऑइल पातळ पाहिजे, थंडीतल्या सकाळी काकवीसारखं दाट झालेलं ऑइल सोडलं तर बराचसा गाळ तिथेच चिकटून राहतो आणि वरून आपण नवीन ऑइल ओततो.

मग काहीजण दुसऱ्या टोकाला जातात, लांबून गाडी मारून आले की लगेच चेंबरखालचा ऑइल सोडायचा बोल्ट खोलतात. हे तर अजिबात करू नका. पळून आलेल्या गाडीचं ऑइल 80-100 डिग्रीला असतं, बोल्ट सुटला की धार थेट मनगटावर येते, वर सायलेन्सरचा चटका वेगळा. शिवाय चेंबर ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टीलचा, ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, अशा तापलेल्या चेंबरवर पाना जोर लावून ओढला की आटे जायचं भ्या असतं. आणि आटे गेले की शंभर-दोनशे रुपये वाचवायला बसलेला माणूस लेथवाल्याच्या दारात.

म्हणून कोमट. गाडी तीन-चार मिनिटं नुसती चालू ठेवायची, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, चेंबरला हात लावला तर ऊब लागली पाहिजे पण हात टेकवून ठेवता आला पाहिजे. नागपूरकडे मे महिन्यात एवढंपण लागणार नाही. डबल स्टँडवर सपाट जागी लावा, ऑइल ओतायचं वरचं झाकण आधी सैल करा म्हणजे धार सलग येते, आणि धार तुटून थेंब थेंब पडायला लागले तरी घाई नको, दहा मिनिटं पडू द्या. बोल्टचा वायसर नवीन टाका, दहा रुपयांची वस्तू आहे. बोल्ट आधी बोटांनी बसवा, पाना नंतर. आणि हिरो-होंडाच्या गाड्यांत ऑइलची पट्टी बघताना ती पिळून आवळायची नाही, नुसती टेकवून बघायची, आवळून बघितली तर लेव्हल जास्त दिसते आणि ऑइल कमी पडतं. ऑइल बाईकचंच घ्या, डब्यावर जासो (JASO) एमए किंवा एमए टू लिहिलेलं असतं, ते बाईकच्या ऑइलचं मानक. कारचं स्वस्तात मिळालं म्हणून ओतलं तर क्लच घसरायची शक्यता असते, आणि ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ-दाट ते, मॅन्युअलमध्ये दिलाय तोच.

आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहितोय ते. हे काढलेलं काळं ऑइल टाकायचं कुठे? आमच्या गल्लीत लोक सरळ गटारात सोडतात, पावसाळ्यात गटारावर रंगीत तवंग दिसतो तो हाच. कोणी वाळवीला म्हणून दाराच्या चौकटीला फासतं, कोणी सेंट्रिंगच्या प्लेटांना, तेही उघड्या हातांनी, कातडीला हे सतत लागणं चांगलं नाही. सरकारी नियमात वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलंय, आणि 1 एप्रिल 2024 पासून ऑइल विकणाऱ्या कंपन्यांवर ते रिसायकल करवून घ्यायची जबाबदारीपण आहे. पण घरी पाऊण लिटर ऑइल काढणाऱ्या माणसाने ते द्यायचं कोणाला? गॅरेजवाले आपल्या ड्रममध्ये ओतू देतात काही ठिकाणी, पण ते त्यांच्या मर्जीवर. ऑइल विकणाऱ्या दुकानात आणि पेट्रोल पंपावर एक झाकणाचा ड्रम ठेवला, जुनं ऑइल आणा म्हटलं, तर लोक आणतील, माझी खात्री आहे. रिकामा डबापण कापूनच टाका, नाहीतर त्यात बनावट ऑइल भरून परत विकायला येतं.

तुमच्या वार्ताहरांनी नगरपालिकेला आणि ऑइल कंपन्यांना विचारून आपल्या जिल्ह्यात जुनं ऑइल कुठे कुठे घेतात त्याची यादी पेपरात छापावी, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, कराड