फादर, तुमच्या नावावर दोन वेळची केळी बाकी आहेत

प्रिय फादर,

तुमच्या निरोपाच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर) मी बोलायला उभा राहिलो आणि चार वाक्यांत गुंडाळलं. माईक समोर आला की माझं असंच होतं. म्हणून हे पत्र. आणि ते उघड लिहितोय, कारण विज्ञान आणि श्रद्धेवरच्या आपल्या गुरुवारच्या बैठकीबद्दल वसईत गमतीशीर समज आहेत. काहींच्या मते आपण पाच जण तिथे डार्विनला पाडत होतो, काहींच्या मते आपली श्रद्धाच पातळ झाली होती.

मी तुमच्याकडे आलो तो एका मुलीमुळे. बारावीला उत्क्रांती शिकवत होतो. मागच्या बाकावरून तिनं विचारलं, "सर, रविवारी आदाम-एवा पण तुम्हीच शिकवता ना? मग खरं काय?" मी म्हटलं, "परीक्षेला उत्क्रांती येते." वर्ग हसला. ती मुकाट खाली बसली. तिचं ते बसणं आठवडाभर डोक्यातून जाईना.

तुम्ही उपदेश केला नाहीत. "गुरुवारी ये," एवढंच म्हणालात. कार्यालयामागची खोली, पाच खुर्च्या (डुगडुगणारी नव्या माणसाची), भौतिकशास्त्राच्या सिस्टर, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त सर आणि कायम उशिरा येणारे डॉक्टर. खायला सरांच्या वाडीतली केळी. नियम एकच: "हे बायबलमध्ये आधीच लिहिलंय" असं जो म्हणेल त्यानं पुढच्या वेळी केळी आणायची.

मी पहिल्याच दिवशी सापडलो. बायबलच्या सुरुवातीचं "प्रकाश होवो" म्हणजेच विश्वाची सुरुवात करणारा महास्फोट, असं मोठ्या उत्साहानं मांडलं. तुम्ही म्हणालात, "चांगल्या संगतीत आहेस. पोप बारावे पायस १९५१ साली जवळपास हेच बोलले होते." मी खूश. मग तुम्ही पुढचं सांगितलंत.

जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे धर्मगुरू. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ साली आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून काढलं, आणि ते तेव्हा खुद्द आइन्स्टाइनलाच पटलं नाही. १९३१ मध्ये त्यांनी आद्य अणूची कल्पना मांडली: सगळं विश्व एका अणूतून सुरू झालं, महास्फोटाचंच मूळ रूप. म्हणजे पोपच्या भाषणानं सगळ्यात सुखावायला हवं होतं ते त्यांनी. तेच अस्वस्थ झाले! सिद्धांत हा सिद्धांत, तो उद्या बदलू शकतो. त्याला श्रद्धेच्या पायाखाली घालू नका, अशी त्यांची भूमिका. १९५२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ रोमला जमले तेव्हा पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. सिस्टरांनी तेवढ्यात शिवणाच्या डब्यातून इलॅस्टिक काढलं, पेनानं ठिपके दिले आणि डॉक्टरांना एक टोक धरायला लावलं. कुठल्याही ठिपक्यावरून पाहा, बाकीचे सगळे लांबच जातात. डॉक्टरांच्या हातून टोक सुटलं ते माझ्या बोटावर बसलं. प्रसरण मी विसरणार नाही.

सर मात्र आकाशात फारसे रमायचे नाहीत. त्यांचं दैवत फादर सांतापाव. स्पेनहून आलेले जेझुइट (येशूसंघाचे धर्मगुरू), मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकवलं, खंडाळ्याच्या वनस्पतींवर १९५३ साली ग्रंथ केला, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. सर त्यातलं एखादं पान वाचायचे. मी एकदा विचारलं, "पण यात देव कुठाय?" सर चष्मा पुसत म्हणाले, "नीट पाहिलंय ना त्यांनी? बस."

आणि त्या मुलीचा प्रश्न. माणसाचं शरीर आधीच्या सजीवांतून घडलं का, याचा शोध घ्यायला १९५० मध्येच चर्चनं अभ्यासकांना मोकळीक दिली होती. उत्क्रांती हे निव्वळ गृहीतक उरलेलं नाही, असं पोप दुसरे जॉन पॉल १९९६ मध्ये म्हणाले. पंधरा वर्षं धर्मशिक्षण देऊन मला हे ठाऊक नव्हतं! पण डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. जनुकं सांगतात की आपण एकाच जोडप्यापासून आलेलो नाही, हजारोंच्या समूहातून आलोय. मग आदाम-एवांकडून सगळ्यांकडे आलेल्या मूळ पापाचं काय? तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "धर्मपंडित यावर काम करताहेत. मला अजून नीट जुळवता आलेलं नाही."

आभार मानायचे ते या वाक्यासाठी. झगा घातलेला माणूस चार जणांसमोर असं म्हणतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. ती मुलगी पुढे नालासोपारा स्टेशनवर भेटली. मी तिला थांबवून सगळं सांगितलं, तुमचं न जुळलेलंही. तिनं लोकल सोडली. मला तर वाटतं, पुढचीही सोडली असती.

गुरुवार चालू आहे. पुण्यात जन्मलेले फादर रिचर्ड डिसोझा सप्टेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक झाले, त्या दिवशी सिस्टरांनी पेढे आणले. देवयानी दीर्घिकेनं (आपल्या शेजारच्या गॅलेक्सीनं) सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी एक मोठी दीर्घिका गिळली, हे त्यांचं संशोधन आम्ही तीन बैठका चघळतोय. गणित अडलं की सगळे तुमच्या खुर्चीकडे बघतात.

आणि हो, निरोपाच्या प्रवचनात तुम्ही स्वतःच नियम मोडलात, तोही दोनदा. सरांनी वहीत नोंद केली आहे. केळी घेऊन या.

तुमचा,
डुगडुगत्या खुर्चीवरचा