चौकीचं कुलूप निघायला हवं, आणि आतला माणूस टिकायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याच्या पेठेत मी २१ वर्षं खानावळ चालवते. माझ्याकडे जेवणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलंमुली एमपीएससीची. बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा, कुठून कुठून आलेली. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहतात, अख्खा दिवस अभ्यासिकेत काढतात आणि रात्री अकरा-बाराला खोलीवर परततात. मध्यवस्तीच्या सुरक्षेची चर्चा निघाली की कॅमेरे किती वाढवणार, गस्तीच्या गाड्या किती येणार, यावरच बोलणं होतं. आमच्या गल्लीत ज्याची उणीव रोज जाणवते त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पावणेबाराच्या सुमारास मी ओटा पुसत होते. शटर अर्धं खाली होतं. बाहेरून "काकू, काकू" अशी हाक आली. रोज जेवायला येणारी मुलगी, चपला हातात घेऊन पळत आलेली. गाडीवरची दोन पोरं अभ्यासिकेपासून तिच्या मागे होती. मी तिला पाणी दिलं आणि तिचा हात धरून चौकीवर गेले. दाराला कुलूप. आत ट्यूब चालू, पंखा फिरतोय, टेबलावर रजिस्टर उघडं, खुर्चीच्या पाठीवर ओला रेनकोट. माणूस मात्र एकही नाही. सगळे बंदोबस्ताला गेल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं.

मग ११२ ला फोन लावला. तिकडची बाई शांतपणे, नीट बोलली. गस्तीवरचे दोन पोलीस, मार्शल, आलेही. पण त्यांना गल्ली सापडेना. आमच्याकडचे पत्ते देवळांवरून चालतात. पत्र्या मारुती, चिमण्या गणपती, खुन्या मुरलीधर, सोट्या म्हसोबा ही नावं नव्या माणसाला काय कळणार? शेवटी मीच कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. पोरं केव्हाच पसार झाली होती. मार्शलनी विचारलं, "तक्रार देता का ताई?" ती नको म्हणाली. का, ते मला ठाऊक होतं. पोलिसांत नाव गेलं आणि घरी कळलं, तर वडील पहिल्या गाडीने परत नेतील. मग परीक्षा संपली, सगळंच संपलं. त्या रात्रीची कुठेही नोंद झाली नाही. कागदावर आमची गल्ली शांत आहे.

पूर्वी इथे एक हवालदार होते. रात्री साडेदहाला काठीने शटर वाजवायचे आणि विचारायचे, "काकू, आज किती पोरं जेवली?" सुरुवातीला मला वाटायचं, फुकट चहासाठी येतात. चहाचे पैसे ते ठेवून जायचे. कुठल्या वाड्यात किती कॉट आहेत, कुठल्या मालकाने भाडेकरूंची माहिती ठाण्यात दिली नाही, कोण पोरगा तीनदा पूर्व परीक्षेत अडकून आता जेवायलाही येत नाही, सगळं त्यांना माहीत असायचं. अशाच एका मुलाच्या खोलीवर ते वर्दीत नव्हे, साध्या कपड्यांत गेले होते आणि दोन तास बसले होते. तो मुलगा आज तलाठी आहे. कुठली मुलगी त्यांना काही सांगायला घाबरली नाही, कारण सांगायला तक्रारच द्यावी लागत नसे. गाडीचा नंबर नुसता कानावर घातला, तरी दुसऱ्या दिवशी त्या पोराला आईबापासकट चौकीत बसवलेलं असायचं. त्यांची बदली झाली. त्यानंतर किती आले आणि किती गेले, मला एकाचंही नाव सांगता येणार नाही. चूक त्यांची नाही. नाव सांगण्याइतकं कुणाला इथे थांबूच दिलं नाही.

२७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणीवर कोयत्याचे वार झाले. तिला वाचवलं ते धावून आलेल्या तरुणांनी, आणि तीही स्पर्धा परीक्षेचीच मुलं. पोलीस चौकी हाकेच्या अंतरावर होती, पण त्या वेळी तिथे कुणी नव्हतं. तीन पोलीस निलंबित झाले, चौक्या चोवीस तास उघड्या ठेवायचे आदेश निघाले. काही दिवस खरोखर दिवे लागले, माणसं दिसली. त्यानंतरचं मी वर लिहिलंच आहे. ज्यांचं निलंबन झालं त्यांच्यावर राग काढून मला काही मिळवायचं नाही. चौकीतली माणसं आधी बंदोबस्ताला ओढायची आणि चौकी रिकामी सापडली की त्यांनाच जबाबदार धरायचं, हा न्याय मला पटत नाही. आमच्याकडे पालखी, गणपती, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे काही ना काही बारा महिने असतंच. बंदोबस्तात बारा-बारा तास उभ्या राहिलेल्या पोलीस पोरींचे पाय मी पाहते. माझ्याकडे पाणी प्यायला येतात, बसायलासुद्धा संकोचतात.

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. २०१० मध्ये जर्मन बेकरी, २०१२ मध्ये जंगली महाराज रस्ता, असे स्फोट पाहिलेल्या शहराला कॅमेरे हवेतच. पण १० जुलै २०१४ ला फरासखाना पोलीस ठाण्याच्या आवारातच, उभ्या केलेल्या दुचाकीत स्फोट झाला, हेही विसरू नये. झालेलं कॅमेरा दाखवतो. होण्याआधी ज्याच्या कानावर घालता येईल, असा माणूसच लागतो.

हे माझं एकटीचं मत नाही. भिवंडीत १९७० आणि १९८४ ला भयंकर दंगली झाल्या. पुढे सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांची साधी माणसं आणि पोलीस सणासुदीची वाट न पाहता नेमाने एकत्र बसत. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. एवढ्या मोठ्या आगीत जे टिकलं, ते आमच्या चार गल्ल्यांत का जमू नये?

आमच्याकडे शांतता समितीची बैठक गणेशोत्सवाच्या तोंडावर होते. मंडप, स्पीकर, मिरवणुकीची वेळ हे तिथले विषय, आणि बोलावणं मंडळांच्या कार्यकर्त्यांना. ते गरजेचं आहे. पण रात्री दोनपर्यंत जागी असणारी माणसं निराळीच आहेत. अभ्यासिकेचा वॉचमन, मेडिकलवाला, दूधगाडीवाला, रुग्णालयातून पाळी संपवून येणारी नर्स, आम्ही खानावळवाल्या. आम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही.

महाराष्ट्र पोलीस कायद्यात शिपाई-हवालदारांना एका ठिकाणी साधारण पाच वर्षांची मुदत आहे. ती पाच वर्षं त्यांना एकाच चौकीवर, एकाच बीटवर, म्हणजे गस्तीच्या एकाच भागात काढू द्यावीत. दर चौकीतले निदान दोघे असे ठेवावेत, की कितीही मोठा बंदोबस्त असो, त्यांना हलवायचं नाही. त्यातली एक महिला असावी. दोघांची नावं आणि फोन नंबर अभ्यासिकांच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावावेत. आणि दर महिन्याला एक बैठक व्हावी, ठाण्यात सकाळी अकराला नव्हे, आमच्याच भागात, आमची कामं आटोपल्यावर.

आमच्याकडूनही कसूर होते, हे मान्य करायला हवं. भाडेकरूंची माहिती न देणारे मालक माझ्याच ओळखीचे आहेत, आणि एक बल्ब लावायचा तर जिन्यातला अंधार कुणाचा, यावरून आमची भांडणं होतात. त्या रात्रीनंतर मी शेजारच्या चार घरांत फिरून गल्लीच्या तोंडाशी दिवा लावून घेतला. बिल आम्ही पाचजण वाटून भरतो.

ती मुलगी परीक्षा देऊन गावी गेली आहे, निकालाची वाट पाहतेय. तिच्या कॉटवर आता परभणीची नवी मुलगी आली आहे. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "काकू, रात्री इथे काही झालं तर कुणाकडे जायचं?" मी तिला माझा नंबर दिला.

बैठकीला जागा नाही म्हणून काम अडत असेल, तर माझ्या खानावळीतली बाकं रात्री दहानंतर मोकळी असतात. चहा माझ्याकडून.

आपली नम्र,
एक खानावळचालक, पुणे ३०