राइसच्या बेसबॉल संघाविषयी मित्रास पत्र

ह्यूस्टन, टेक्सास
११ जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुण्याला परतून इतकी वर्षे झाली तरी राइस विद्यापीठाच्या बेसबॉल संघाची खबर तू ठेवतोस, आणि नवे मुख्य प्रशिक्षक डेव्हिड पिअर्स यांच्या पहिल्या पूर्ण हंगामाकडून काय अपेक्षा ठेवावी असे आवर्जून विचारतोस, याचा मला फार आनंद झाला. हंगाम सुरू होण्यास आता महिनाभराचाच अवकाश आहे. तुझी मुलगीही हे पत्र वाचणार आहे असे तू लिहिलेस, म्हणून तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टी तिच्यासाठी पुन्हा लिहितो.

माझे म्हणणे आधीच सांगतो. ओमाहाला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात, कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या आठ संघांत, राइस पुन्हा कधी पोहोचेल या एकाच प्रश्नावर नव्या प्रशिक्षकांचे मोजमाप होऊ नये असे मला मनापासून वाटते. राइस हे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, घडवण्याचे ठिकाण होते, ते तसे पुन्हा व्हावे, ही माझी पहिली आशा आहे; आणि ते काम जवळून पाहिलेला, स्वतःच्या हातांनी केलेला माणूस आज संघाच्या प्रमुखपदी आहे.

वेन ग्रॅहम १९९२ च्या हंगामापासून मुख्य प्रशिक्षक म्हणून राइसला आले तेव्हा त्यांनी पंचावन्नी ओलांडली होती. त्याआधी सॅन जॅसिंटो या दोन वर्षांच्या कॉलेजात त्यांनी पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली होती, आणि पुढे नामांकित पिचर झालेले रॉजर क्लेमेन्स व अँडी पेटिट हे दोघेही तिथे त्यांच्या हाताखालून गेले होते. राइसला तोवर बेसबॉलमध्ये कोणी विचारत नव्हते. १९९५ पासून २०१७ पर्यंत मात्र सलग २३ वर्षे हा संघ एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळला आणि १९९७ ते २००८ या काळात सात वेळा ओमाहाला गेला. २००३ मध्ये अंतिम फेरीच्या निर्णायक सामन्यात स्टॅनफर्डला १४–२ असे हरवून राइस विजेते ठरले. त्या दिवशी फिलिप हंबर याने सगळ्या इनिंग्ज (डाव) एकट्याने टाकल्या. पदवीचे विद्यार्थी तीन हजारांहून कमी असलेल्या विद्यापीठाचे कोणत्याही सांघिक खेळातले ते पहिले राष्ट्रीय विजेतेपद होते. पुढच्याच वर्षी व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्या आठ नावांत हंबर, जेफ नीमन आणि वेड टाउनसेंड असे राइसचे तीन पिचर होते. २००३ च्या त्या हंगामातच पिअर्स साहाय्यक म्हणून राइसला आले आणि २०११ पर्यंत राहिले, म्हणजे ग्रॅहम यांच्या वैभवकाळाचा मोठा भाग त्यांनी आतून पाहिला आहे.

त्यांच्याविषयीच्या माझ्या विश्वासाचे हे एकच कारण नाही. राइस सोडल्यावर सॅम ह्यूस्टन स्टेट येथे तीन वर्षे आणि टुलेन येथे दोन वर्षे ते मुख्य प्रशिक्षक होते, आणि या पाचही वर्षांत त्यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचले. ही दोन्ही ठिकाणे पैशाने किंवा नावाने मोठी नव्हेत. नंतर ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात त्यांनी २०१८, २०२१ आणि २०२२ अशा तीन वेळा संघाला ओमाहाला नेले, तरी २०२४ च्या हंगामानंतर त्यांना तिथून जावे लागले. टेक्साससारख्या ठिकाणी अपेक्षा किती अफाट असतात हे तू जाणतोसच. माझ्या मते मात्र त्यांचे खरे सामर्थ्य दिसले ते पहिल्या दोन जागी, जिथे इतर कार्यक्रमांनी वगळलेल्या मुलांतून संघ उभा करायचा होता. राइसची आजची गरज नेमकी तीच आहे.

एक योगायोग मला राहून राहून आठवतो. जून २०१८ मध्ये ऑस्टिनच्या सुपर रिजनलमध्ये, म्हणजे ओमाहाच्या अगदी आधीच्या फेरीत, पिअर्स यांच्या टेक्सासने मॅट ब्रॅगा यांच्या टेनेसी टेकला हरवले, आणि त्याच महिन्यात राइसने ग्रॅहम यांच्या जागी ब्रॅगा यांना आणले. ते तीन हंगाम राहिले. त्यांच्यानंतर होसे क्रूझ धाकटे आले. राइसचाच माजी खेळाडू, १९९५ च्या निवडीत तिसऱ्या क्रमांकावर घेतला गेलेला, असा माणूस घरी परतला याचा आपल्या सर्वांना किती आनंद झाला होता! परंतु गेल्या वर्षी हंगामातल्या पहिल्या सोळा सामन्यांपैकी दोनच जिंकल्यावर मार्चमध्ये विद्यापीठाने त्यांना दूर केले आणि हंगाम चालू असतानाच पिअर्स यांच्याकडे सूत्रे दिली. क्रूझ यांच्यावर सगळा दोष टाकणे मला न्यायाचे वाटत नाही, कारण घसरण त्यांच्या आधीपासून चालू होती. २०१७ नंतर आजवर राइस राष्ट्रीय स्पर्धेत दिसलेले नाही.

या घसरणीची मुळे मैदानाबाहेरही आहेत, आणि आशा बाळगताना ती विसरून चालणार नाही. १९९६ मध्ये साउथवेस्ट कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, मोडली तोवर टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांच्याबरोबर राइस एकाच पंक्तीला बसत होते. आज ती दोघे एसईसी या श्रीमंत कॉन्फरन्सच्या प्रचंड पैशात आहेत आणि राइस २०२३ पासून अमेरिकन कॉन्फरन्समध्ये खेळते. पूर्वी बेसबॉलच्या संपूर्ण संघासाठी ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा सर्वांनाच होती. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, नव्या व्यवस्थेत सामील झालेली विद्यापीठे संघातल्या चौतीसही खेळाडूंना पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकतात. त्यात ट्रान्सफर पोर्टल या विद्यापीठ बदलण्यासाठीच्या नोंदणीमुळे खेळाडूला एका वर्षात विद्यापीठ बदलून लगेच खेळता येते. दोन वर्षे खपून घडवलेला पिचर तिसऱ्या वर्षी दुसऱ्याचा गणवेश घालतो, आणि राइसचे प्रवेशाचे निकष कडक असल्यामुळे बाहेरून हवा तो खेळाडू आणणे मात्र सोपे नाही. दार बाहेर जायला उघडे आणि आत यायला अरुंद, अशी ही अवस्था आहे.

तरीही मी निराश नाही, आणि त्याचे कारण सॅन अँटोनियोला आहे. यूटीएसए, म्हणजे टेक्सास विद्यापीठाची सॅन अँटोनियो शाखा, राइसबरोबरच २०२३ मध्ये या कॉन्फरन्समध्ये आले. गेल्या वर्षी त्यांनी ऑस्टिनमध्ये जाऊन टेक्सासला दोनदा हरवले, रिजनल ही राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी जिंकली आणि सुपर रिजनल गाठले. त्यांचे प्रशिक्षक पॅट हॉलमार्क हे राइसचे माजी खेळाडू आणि ग्रॅहम यांचे अनेक वर्षांचे साहाय्यक आहेत. म्हणजे ग्रॅहम यांच्या तालमीत शिकलेले डोके, टेक्सासमधली मुले आणि मध्यम ऐपत एवढ्या भांडवलावर आजच्या काळातही टेक्सासला घरच्या मैदानावर हरवता येते. हे जर दोनशे मैलांवर घडू शकते, तर ह्यूस्टनसारख्या शहरात, जिथे शाळाशाळांतून बेसबॉल जीव तोडून खेळला जातो, ते का घडू नये?

मुंबईचा रणजी संघ घे. १९५८–५९ ते १९७२–७३ सलग पंधरा विजेतेपदे मिळवणाऱ्या त्या संघाला पुढे दुष्काळाची वर्षेही आली, पण शिवाजी पार्कवरचे सरावाचे जाळे, शालेय स्पर्धा आणि कांगा लीग चालू राहिली, म्हणून संघ दर वेळी सावरला. राइसचे दुखणे हेच की ग्रॅहम गेले तेव्हा त्यांची शाळा चालवणारी माणसे सॅन अँटोनियो, ऑस्टिन अशी विखुरली होती. त्यांतले एक आता परत आले आहेत. ग्रॅहम २०२४ मध्ये वारले; ही नेमणूक पाहायला ते असते तर मला फार बरे वाटले असते.

पिचर घडवणे म्हणजे काय, याचे मला नेहमी आठवणारे उदाहरण टोनी सिंग्रानी याचे आहे. २०१० मध्ये सामना सुरू करणारा पिचर म्हणून तो अपयशी ठरला. राइसने त्याला सोडून दिले नाही. सामन्याच्या शेवटच्या इनिंग्जसाठी त्याला नव्याने तयार केले, आणि २०११ मध्ये सिनसिनाटीच्या व्यावसायिक संघाने त्याला तिसऱ्या फेरीत निवडले. तो पिअर्स यांचा राइसमधला शेवटचा हंगाम होता. आजच्या काळात असा मुलगा पोर्टलमधून केव्हाच निघून गेला असता. त्याला थांबावेसे वाटेल, आपण इथे सुधारतो आहोत हे त्याला स्वतःला दिसेल, असे वातावरण उभे राहिले तर पैशाची उणीव पुष्कळशी भरून निघेल.

एक इच्छा मात्र जुन्या दिवसांपेक्षा वेगळी आहे. हंबर आणि टाउनसेंड दोघांनाही पुढे कोपराची मोठी शस्त्रक्रिया करावी लागली, नीमनची कारकीर्द खांद्याने संपवली, आणि राइसमध्ये तरुण हातांकडून फार काम करून घेतात अशी टीका त्या काळी होत असे. हंबरने २०१२ मध्ये मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत परफेक्ट गेम, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या एकाही फलंदाजाला पहिल्या बेसवर पोहोचू न देणारा सामना, टाकला तेव्हा मला जितका अभिमान वाटला, तितकीच हळहळही वाटली की या हातात आणखी किती तरी शिल्लक असू शकले असते. पिअर्स यांनी ग्रॅहम यांची शिस्त, बारीकसारीक तंत्राचा आग्रह आणि हरण्याचा तिटकारा जरूर आणावा. पिचरच्या हाताचा हिशेब मात्र नव्या काळाप्रमाणे ठेवावा. एक शनिवार हरला तरी चालेल, पण वीस वर्षांच्या मुलाचे कोपर जाता कामा नये.

विद्यापीठाने काय करावे, हे थोडक्यात सांगतो. त्यांनी धीर धरावा. २०१८ पासून पिअर्स हे तिसरे मुख्य प्रशिक्षक आहेत. मुले पहिल्या वर्षाला येऊन चौथ्या वर्षापर्यंत टिकली तरच पिचर घडवण्याच्या गोष्टीला काही अर्थ आहे, आणि तेवढी मुदत निदान या प्रशिक्षकांना मिळायला हवी.

तेव्हा या वर्षी माझी नजर गुणतक्त्यावर कमी असेल. आपले पिचर किती वॉक देतात (चार चुकीचे चेंडू टाकून फलंदाजाला फुकट बेस देतात), शुक्रवारी सहाव्या इनिंगपर्यंत उभा राहणारा एक तरी पिचर मिळतो का, आणि मे महिन्यातला संघ फेब्रुवारीतल्या संघापेक्षा स्पष्टपणे चांगला खेळतो का, एवढेच मी पाहणार आहे. कॉन्फरन्सच्या स्पर्धेत दोन-तीन सामने जिंकले तर माझ्यासाठी ते यश असेल. राष्ट्रीय स्पर्धेची अपेक्षा मी २०२८ पासून धरीन. तुला हे फार सावध वाटते का, ते अवश्य लिही. आणि तुझ्या मुलीला टेक्सास आवडते की राइस, हेही कळव.

वहिनींना नमस्कार, लेकीस आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र