धारावीच्या नकाशात पोंगलची चूल कुठे मांडायची? मुख्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. मुख्यमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी धारावीत राहतो. वडील सातारा साइडचे, चामड्याच्या कामाला इकडे आले आणि इथलेच झाले. आमच्या गल्लीतल्या मंडळाचा मी खजिनदार आहे, म्हंजे पावती पुस्तक, हिशोबाची वही आणि लोकांच्या शिव्या या तिन्ही गोष्टी माझ्याकडे असतात. हे पत्र धारावीच्या पुनर्विकासाच्या, म्हंजे झोपड्या पाडून फ्लॅट देण्याच्या विरोधात नाहीये हे आधीच सांगून टाकतो, कारण धारावीतून कोणी चार ओळी लिहिल्या की लगेच 'हा अमक्या पार्टीचा' सुरू होतं. सकाळी डबा घेऊन संडासच्या लाइनीत उभं राहणाऱ्या माणसाला फ्लॅट नको असं कोण म्हणेल? मला विचारायचंय ते वेगळंच आहे आणि ते आजपर्यंत कुठल्या मीटिंगमध्ये कोणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

जानेवारीत संक्रांतीला तुम्ही कधी नव्वद फूट रोडला आलायत का? तमिळ बायका रस्त्याच्या कडेने ओळीने विटांच्या चुली मांडतात, रांगोळ्या काढतात, ऊस उभे करून बांधतात, नवीन भांड्यात तांदूळ-दूध-गूळ चढवतात आणि दूध उतू गेलं की सगळ्या एका आवाजात 'पोंगलो पोंगल' ओरडतात. धुराने डोळे चुरचुरतात, ट्रॅफिकचा बोऱ्या वाजलेला असतो, टेम्पोवाला आधी हॉर्न मारतो आणि मग स्वतःच उतरून द्रोणातलं खात उभा राहतो. त्याच दिवसांत आमच्या बायकांचं हळदीकुंकू असतं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या लुटायला जातात आणि परत येताना त्यांच्या डब्यात गोडाचा पोंगल असतो. हे काही कोणी राष्ट्रीय एकात्मता वगैरे म्हणून करत नाही, रस्ता एकच आहे म्हणून होतं.

आता प्रश्न असा की नवीन धारावीत ही चूल कुठे मांडायची? 350 स्क्वेअर फुटाच्या फ्लॅटच्या किचन ओट्यावर? पोडियमवर, म्हंजे बिल्डिंगच्या पार्किंगवरच्या गच्चीवर? पोडियमवर लाकडं पेटवली तर फायरवाले सोसायटीला नोटीस देतील, आणि ते बरोबरच असेल, मी त्यांच्या जागी असतो तर मीही दिली असती.

साहेब, धारावी म्हंजे बाहेरून आलेल्यांची वस्ती हे सगळ्यांना माहितीये. मूळचे फक्त कोळी, 1909 च्या गॅझेटियरमध्ये मुंबईच्या मोठ्या कोळीवाड्यांत धारावीचं नाव आहे. बाकी आम्ही सगळे मागून आलो. तिरुनेलवेलीकडचे लोक चामडं कमवायच्या धंद्यासाठी आले, इथली बडी मशीद 1887 ची आणि गणेश मंदिर 1913 चं. सौराष्ट्रातले कुंभार 1930 च्या दशकापासून कुंभारवाड्यात आहेत, दिवाळीला तुमच्या-आमच्या दारात ज्या पणत्या लागतात त्यातल्या कितीतरी तिथल्या भट्ट्यांतून निघतात. मग आमच्यासारखे देशावरचे आले, यूपी-बिहारचे जरीवाले आणि शिलाईवाले आले. जो आला तो येताना आपला देव आणि आपला सण घेऊन आला, आणि कोणाकडेच स्वतःचं अंगण नव्हतं म्हणून सगळ्यांनी रस्ताच वापरला. होळीला कोळीवाडा, एप्रिलमध्ये लेबर कॅम्पातली आंबेडकर जयंती, रमझानमध्ये गल्लीत अंथरलेल्या सतरंजीवरचा इफ्तार, मोहरमला सरबताचे पिंप. गणपती तर विचारूच नका. तारखा बदलतात, रस्ता तोच, मांडवाचे बांबूसुद्धा बऱ्याचदा त्याच डेकोरेटरचे.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, सण आहेत, हॉल बांधून देऊ. म्हणून आता वहीतली गोष्ट सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला मांडव दिसतो आणि वही दिसत नाही.

गणपतीत वर्गणी जमते. दुकानवाला देतो, भंगारवाला देतो, कारखान्याचा शेठ कुरकुर करत देतो, आजकाल क्यूआर कोड लावल्यापासून कॉलेजची पोरंपण शंभर-दोनशे टाकतात. मूर्ती, डेकोरेशन, लाइट, बँजो जाऊन जे उरतं ते उरलेल्या वर्षात जातं. जूनमध्ये पोरांना वह्या आणि दप्तरं. मे महिन्यात रक्तदान शिबीर, कारण मे मध्ये कॉलेजं बंद, अर्धी मुंबई गावाला, ब्लड बँका रिकाम्या, आणि त्याच वेळी सायनला कोणाचं तरी ऑपरेशन अडलेलं असतं. पण सगळ्यात महत्त्वाचं काम कुठल्याच बॅनरवर येत नाही, ते म्हणजे मयत गावी पोचवणं.

हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल म्हणून जरा सविस्तर लिहितो. कारखान्यात काम करणारा पंचवीस वर्षांचा पोरगा जातो, सीतामढीचा किंवा मधुबनीचा, इथे नात्याचं कोणी नाही, गावाकडे म्हातारे आईबाप चेहरा बघायला थांबलेले. हॉस्पिटलचा कागद, पोलिसांची एनओसी, विमानाने न्यायचं तर बॉडीवर केमिकल केल्याचं सर्टिफिकेट, पेटी, कार्गोचं भाडं, उतरल्यावर तिकडची अँब्युलन्स, आणि सोबत जायला एक माणूस. हे सगळं एका रात्रीत उभं करावं लागतं. रात्री अकराला कोणीतरी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकतो, मशिदीच्या कमिटीचा माणूस येतो, तमिळ संगमवाले येतात (त्यांच्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, संगम म्हंजे गाववाल्यांची संघटना, गावागावाचे संगम आहेत, फोन कोणाला लावायचा ते तोंडपाठ असतं) आणि पहाटेपर्यंत पैसे जमतात. पावती कोणी मागत नाही. इतके पैसे इतक्या पटकन कसे जमतात? तर मागणाऱ्याला देणारा ओळखतो म्हणून. आणि तो ओळखतो कारण पोंगलला त्याच्या हातचं खाल्लेलं असतं, विसर्जनाला त्याच्यासोबत ट्रक ढकललेला असतो. सण आणि मदत हे आमच्याकडे एकाच वहीत आहेत साहेब, एकाचं पान फाडलं की दुसऱ्याचं सुटून येतं.

याचा फायदा सरकारलासुद्धा झालाय. 1 एप्रिल 2020 ला धारावीत पहिला कोविड पेशंट सापडला तेव्हा टीव्हीवाले आम्हाला बॉम्ब म्हणत होते. महापालिकेने काम केलं, डॉक्टरांनी घरोघरी जाऊन तपासण्या केल्या, त्यांना सलाम, पण कुठल्या पोटमाळ्यावर किती लोक झोपतात, कोणाचं रेशन संपलं, कोण ताप लपवतोय, ही माहिती मंडळांच्या आणि मशिदीच्या पोरांकडेच होती. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव कौतुकाने घेतलं आणि इथले बरे झालेले लोक प्लाझ्मा द्यायला गेले. त्याच्याही आधी, 92-93 च्या दंगलीनंतर मोहल्ला कमिट्या झाल्या. त्यात काम करणाऱ्या धारावीच्याच भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी चार धर्मांच्या वेषातल्या चार पोरांचं 'हम सब एक हैं' पोस्टर काढलं. ते पोस्टर गल्लीगल्लीत लागलं आणि गणपतीच्या मांडवातही गेलं, कारण लोक जमायची जागाच ती.

आता तुमच्या प्लॅनकडे येतो. मार्च 2024 पासून सर्व्हे सुरू झाला, गल्ल्यांचं लेझरने मोजमाप झालं, दारादारावर नंबर पडले. मे 2025 मध्ये तुम्ही मास्टर प्लॅनला मंजुरी दिलीत. धार्मिक बांधकामांसाठी निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमलीत. म्हणजे घर मोजलं, दुकान मोजलं, मंदिर-मशीदही मोजायला घेतलं. पण ज्या मोकळ्या तुकड्यावर वर्षातले अकरा महिने टेम्पो उभा असतो आणि एक महिना मांडव, तो तुकडा कशात धरला? तो बांधकाम नाही, त्याला मालक नाही, त्याचं वीज बिल नाही. तो अपात्रसुद्धा नाही, तो फॉर्ममध्येच नाही.

एसआरएच्या, म्हंजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये वेल्फेअर हॉल देतात, बालवाडी देतात, सोसायटीचं ऑफिस देतात, हे माहितीये. आमचे नातेवाईक राहतात अशा बिल्डिंगांत, जाऊन बघितलंय. हॉलला कुलूप असतं, आत सेक्रेटरीच्या भावाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि चावी मागायला गेलं की आधी मेंटेनन्स बाकी आहे का ते विचारतात. आणि हॉल चांगला चालला तरी तो त्या एका बिल्डिंगचा. रस्ता सगळ्यांचा असतो, आमंत्रण लागत नाही, वाटेने जाणारा थांबतो आणि पंगतीला बसतो.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे, ती म्हंजे घर कोणाला कुठे मिळणार याचे नियम. 1 जानेवारी 2000 च्या आधीचे तळमजल्यावाले धारावीतच राहणार, चांगलंय. 2000 ते 2011 वाले अडीच लाख भरून 300 स्क्वेअर फूट, पण धारावीच्या बाहेर. वरच्या मजल्यावाले 15 नोव्हेंबर 2022 पर्यंतचे असले तर भाड्याची घरं, तीपण बाहेर, आणि बाहेर म्हणजे मुलुंड-कांजूरच्या मिठागरांची नाहीतर देवनार डम्पिंगची नावं कानावर येतात. कारखान्यातच झोपणाऱ्या पोरांचं तर घरच नाही, मग यादीत नाव कशावर लागणार? आता आमच्या मंडळाचा फोटो काढून बघा. अध्यक्ष तळमजल्यावाला, दुकानवाला, पात्र. पण बांबू उचलणारे, रात्रभर मांडवात जागणारे, रक्त द्यायला रांगेत पहिले उभे राहणारे, ते सगळे पोटमाळ्यावरचे आणि कारखान्यातले. पुढच्या गणपतीत पात्र माणसं राहतील आणि कामाची माणसं देवनारला असतील. मग मांडव काय अध्यक्ष एकटा बांधणार? आमच्या अध्यक्षांना शिडीवर चढायला लावणं म्हणजे विमा काढून ठेवावा लागेल.

2025 ला तुमच्या सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. आनंद झाला, खरंच. म्हणून तर हक्काने मागतोय. धारावीच्या मास्टर प्लॅनवर अजून एक सर्व्हे करा, घरांचा नको, बारा महिन्यांचा. कुठल्या महिन्यात कुठल्या रस्त्यावर काय होतं, किती लोक येतात, चूल पेटते का, मूर्ती किती उंच असते, ट्रक कुठून वळतो, हे प्रत्येक मंडळ, संगम, मशीद कमिटी, बौद्ध विहार यांना बसवून विचारा आणि नकाशावर काढा. लेझर लागणार नाही, चहा लागेल. मग नव्वद फूट रोडचा तरी एक पट्टा असा ठेवा की जिथे वर्षातले ठरावीक दिवस गाड्या बंद करता येतील, उघड्या जमिनीवर चूल मांडता येईल, पाण्याचा नळ आणि लाइटचा पॉइंट असेल, आणि तो पट्टा कुठल्याही सोसायटीच्या नावावर नसेल, महापालिकेच्या नावावर असेल. प्रकल्पाच्या कंपनीत 20 टक्के हिस्सा सरकारचा आहे, 80 टक्के अदानींचा, पण जमीन कशी वापरायची हे तुमच्या सहीने ठरतं ना? त्या सहीत हे बसवा.

आणि घरांचं वाटप करताना गल्ली फोडू नका. लॉटरी काढलीत तर माझ्या शेजारचा सतराव्या मजल्यावर दुसऱ्याच विंगमध्ये जाईल, मी कुठेतरी तिसरीकडे, आणि रात्री अकराचा मेसेज वाचायला ग्रुपवर कोणी उरणार नाही. गल्लीला बिल्डिंग द्या. ज्यांना बाहेर पाठवणारच असाल त्यांनाही गल्लीसकट एका ठिकाणी पाठवा, म्हणजे तिकडे ते निदान पहिल्या वर्षी मांडव तरी टाकतील. खरं तर त्यांना पाठवूच नका. पण ते तुमच्याने होणार नाही असं सगळे म्हणतात, म्हणून हे दुसरं मागणं लिहिलं.

तमिळ संगमातल्या एका म्हाताऱ्या आजोबांना हे पत्र मी हिंदीत करून वाचून दाखवलं. ते म्हणाले, एवढं कशाला लिहिलंस, फक्त विचार की चूल कुठे. तर तेवढंच उत्तर दिलंत तरी चालेल. फक्त लेखी द्या साहेब, मंडळाच्या फळ्यावर लावायचंय. तोंडी आश्वासनं आमच्याकडे मागच्या इलेक्शनची शिल्लक आहेत.

आपला,
एका मंडळाचा खजिनदार,
धारावी, मुंबई 400017