गच्चीवरील बाईंना शांत करण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या कंपनीचे स्वयंचलित जलपातळी नियंत्रक यंत्र काढून नेऊन त्याची रक्कम परत करणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन ई-मेल व एक स्पीड पोस्ट (तिन्ही अनुत्तरित).

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, मी लातूर येथील ४८ सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा पगारी व्यवस्थापक असून, त्यापूर्वी ३१ वर्षे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. त्यामुळे पाणी आणि पत्रव्यवहार या दोन्ही बाबतींत मी नवखा नाही, हे आपण कृपया सुरुवातीसच ध्यानी घ्यावे.

गेल्या जानेवारीत संस्थेने आपले यंत्र बसवणुकीसह १४,५०० रुपयांस घेतले. तोपर्यंत आमची व्यवस्था अशी होती की, मोटर चालू केली की आमचे वॉचमनमामा तांबड्या रंगाची खूण केलेला बांबू वरच्या टाकीत उभा करीत आणि पाणी खुणेला टेकले की गच्चीवरून शिट्टी मारीत, आणि मी खाली बटण दाबीत असे. ही पद्धत सहा वर्षे विनातक्रार चालली. परंतु आपल्या प्रतिनिधीने संस्थेच्या सभेत येऊन असे सांगितले की, या यंत्रामुळे व्यवस्थापकास पाण्याकडे पाहावेदेखील लागणार नाही, आणि हे ऐकून सर्व सभासदांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तीवरून माझ्या पगाराचा विषय पुढच्याच सभेत निघेल असे मला वाटले. तो निघाला, पण वेगळ्या कारणाने. ते पुढे येईलच.

पहिली तक्रार आपल्या यंत्रातील ध्वनिमुद्रित बाईंविषयी आहे. टाकी भरली की त्या मोठ्या आवाजात ‘पानी की टंकी भर गई है, कृपया मोटर बंद करें’ असे म्हणतात. आता मोटर बंद करणे हे स्वयंचलित यंत्राचेच काम असताना त्याने ते सोडून आम्हाला विनंती का करावी, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. आमच्या खात्यात एखादा कर्मचारी दरवाजा बंद करण्याऐवजी कालव्याच्या कडेला उभा राहून ‘कृपया दरवाजा बंद करा’ असे ओरडू लागला असता, तर त्याला त्याच आठवड्यात नोटीस मिळाली असती.

त्यातही बाईंचे म्हणणे खरे असते तर मी सोसले असते. पहिल्या महिन्यानंतर त्या टाकी रिकामी असतानाही ओरडू लागल्या आणि मुख्यतः रात्री दोन ते चार या वेळात. ४०२ क्रमांकाच्या आजींनी एका सकाळी मला जिन्यात गाठून विचारले, “ओ मॅनेजर, गच्चीवर कोण ठिवलीय ती हिंदी बोलणारी? रातभर वरडूलालीय. तिच्याकडून मेंटेनन्स घेताव का न्हाई?” मी तो केवळ आवाज आहे असे सांगून पाहिले, पण भाडेकरू लपवायला मॅनेजर असेच सांगणार, असे आजींचे मत पडले व ते बी विंगमध्ये अजूनही कायम आहे.

या बाबतीत मी आपल्या मदत क्रमांकावर एकूण अकरा वेळा फोन केला. मराठीसाठी तीन दाबावे, असे सांगितल्यावरून मी तीन दाबले; त्यानंतर बराच वेळ सतार वाजली आणि मग एका बाईंनी ‘आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है’ असे सांगितले. महोदय, तो आवाज मी तात्काळ ओळखला. ज्यांची तक्रार करायची त्यांनीच फोन उचलावा, असा अनुभव मला सरकारी नोकरीतही क्वचितच आला होता.

आपला तंत्रज्ञ दोनदा येऊन गेला. पहिल्या वेळी त्याने सेन्सर बाहेर काढला, त्यावर नखाने खरवडून निघावा असा पांढरा क्षार बसलेला होता. तो त्याने रुमालाने पुसला आणि “साहेब, तुमचं पाणी जड आहे, या यंत्राला मऊ पाणी लागतं,” असा निष्कर्ष दिला. लातुरात बोअरचे पाणी जड असते हे यंत्र विकणाऱ्यास ठाऊक नसावे, हे संभवत नाही, कारण आपला प्रतिनिधी येथीलच आहे. दुसऱ्या वेळी त्याने हमीपत्रातील एक ओळ दाखविली, ती अशी की ‘पाणी शिरल्याने झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही’. पाण्याच्या टाकीत बसविण्याच्या वस्तूला ही अट घालणाऱ्या आपल्या विधी विभागास माझा नमस्कार सांगावा.

आता मुख्य घटनेकडे येतो. एप्रिलमधील एका दुपारी एकच्या सुमारास मी महानगरपालिकेत पाणीपट्टी भरण्यास गेलो असता, आपल्या यंत्राने मोटर आपणहून चालू केली आणि टाकी भरल्यावर ती बंद केली नाही. बाईंनी नेहमीप्रमाणे विनंती केली. परंतु तीन महिन्यांत त्यांच्यावरील सर्वांचा विश्वास उडालेला असल्याने एकही दार उघडले नाही, आणि वॉचमनमामांना तर यंत्र आल्यापासून गच्चीवर जाण्याचे कामच उरले नव्हते. मोटर दोन अश्वशक्तीची आहे. मिनिटाला साधारण २०० लिटर धरले तर चाळीस मिनिटांत आठ हजार लिटर पाणी वाहून गेले. आमच्या खात्याच्या भाषेत हा विसर्ग ०.१२ क्युसेक होतो, आणि वाहून गेलेले पाणी एका मोठ्या टँकरपेक्षा थोडेसेच उणे भरते. ज्या शहरात मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि पुढच्याच महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात हे पाणी जिन्यावरून वाहत रस्त्यावर गेले, आणि रस्त्यावरच्या लोकांनी घागरी लावून त्यातले मिळेल तेवढे भरले. त्यांचे आभारपत्र आपणास वेगळे येईल, अशी आशा करतो.

परंतु पाण्यापेक्षा मोठी हानी कुरडयांची झाली. आजींनी सहा किलो गहू तीन दिवस रोज पाणी बदलून भिजविले होते, दळून चीक काढला होता, पहाटे उठून तो शिजविला होता आणि सोऱ्याने गच्चीवर जुन्या साड्यांवर कुरडया घातल्या होत्या. मी धावत वर गेलो तेव्हा त्या फुगून पावसाळी पाइपच्या जाळीशी गोळा झाल्या होत्या, त्यामुळेच पाणी तुंबून जिन्याकडे वळले होते. आजींनी त्यातली एक उचलली, तर त्यांच्या तळहातावर तिचा पुन्हा चीक झाला. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी काहीतरी बोलायला हवे होते, असे मला वाटत राहिले.

पुढील सभेत ही नुकसानी माझ्या पगारातून वळती करावी अशी सूचना आली. अनुमोदक न मिळाल्याने ती बारगळली, परंतु इतिवृत्तात नोंद आहे.

सबब, यंत्र स्वखर्चाने काढून न्यावे, १४,५०० रुपये परत करावेत आणि सहा किलो गव्हाची व त्यामागील मेहनतीची योग्य भरपाई आजींना द्यावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यात येईल. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीस तेथे शुल्क लागत नाही, आणि निवृत्त माणसापाशी वेळ भरपूर असतो.

कळावे,

आपला विश्वासू,
व्यवस्थापक

ता. क. : तंत्रज्ञ पाठविणार असाल तर कृपया बुधवारी पाठवू नये. त्या दिवशी आमच्याकडे नळाला पाणी येते, आणि वॉचमनमामा व मी बांबू घेऊन गच्चीवर असतो.