मोबाइल माझ्याच हातात ठेवणाऱ्या पोरीस

प्रिय बेटा,

तुझं नाव कुठेही घालू नका असं तू फोनवर बजावलंस, म्हणून घालत नाही. पण आभार मी चारचौघांतच मानणार. आपल्या इन्स्टाग्रामच्या पेजवर रोज कोणी ना कोणी विचारतं, "काकू, तुमचं हे मोबाइलचं काम कोण बघतं?" त्यांनाही कळू दे की ते मीच बघते, आणि मला ते बघायला कोणी शिकवलं.

तू आमच्या गल्लीत असताना माझा धंदा केवढा होता हे तुला ठाऊकच आहे. उडदाचे पापड, कुरडया, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, आणि कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ. गिऱ्हाईक म्हणजे गल्लीतल्या आणि भिशीतल्या बाया. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरली की तिथे एक टेबल. पावसाळा लागला की सगळं थंड. मालाला कोणी नाव ठेवत नव्हतं, पण अमळनेरच्या बाहेर मी आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

त्याआधी मी आणखीही पोरांना विचारलं होतं. प्रत्येकाने मोबाइल हातातून घेतला, भराभर अंगठा फिरवला, "झालं काकू" म्हणून परत दिला. काय झालं ते मला कळायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या दारात जायची मला लाज वाटायची. तू शेजारी बसलीस, दोन्ही हात मांडीवर ठेवलेस आणि म्हणालीस, "काकू, तुम्ही दाबा. मी नुसतं सांगते." बिझनेस खातं उघडायला अख्खी संध्याकाळ गेली. घरी तुझा स्वयंपाक राहिलेला, आईची हाक दोनदा येऊन गेली, तरी तू माझ्या मोबाइलला बोट लावलं नाहीस. बाकी सगळ्याच्या आधी मला याचे आभार मानायचे आहेत.

मग व्हिडिओ. मला वाटायचं टेबलावर चादर अंथरून पाकिटं ओळीने मांडायची आणि "आमच्याकडे उत्तम दर्जाचे पापड मिळतील" असं बोलायचं. तू माझ्याबरोबर पहाटे गच्चीवर आलीस. तीन दिवस भिजवून भरडलेल्या ज्वारीचा घाटा मोठ्या पातेल्यात रटरटत होता, वर तीळ, लसूण, मिरची. सासूबाईंनी पोरांना वाटीत गरम घाटा तेल घालून दिला. तो व्हिडिओ तू घ्यायला लावलास. आम्ही ओल्या धोतरावर बिबडे थापले, तो घ्यायला लावलास. आणि उन्हं चढल्यावर धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडलं, एकेक बिबडा कडेने सोडवायला घेतला, तेव्हा तू जवळजवळ ओरडलीसच, "काकू, हेच! हेच आधी दाखवायचं!"

तुझं म्हणणं असं होतं की माणूस पहिल्या दोन-तीन सेकंदांत थांबतो नाहीतर पुढे सरकतो. म्हणून नमस्कार, नाव, पत्ता हे सगळं नंतर. आधी कापडावरून सुटणारा बिबडा. मोबाइल उभा धरायचा, ऊन पाठीमागून घ्यायचं नाही, बाजूने घ्यायचं, म्हणजे बिबड्यातले तीळ दिसतात. मी सिनेमातलं गाणं लावू म्हणाले, तर तू सांगितलंस की बिझनेस खात्याला त्यातली बरीचशी गाणी वापरता येत नाहीत, आणि आपल्याला गाण्याची गरजही नाही. कापडावरून बिबडा सुटतानाचा तो चर्र आवाज तसाच राहू दिलास.

आणि बोलायचं कसं, तर घरात बोलते तसं. मी शाळेतल्या बाईंसारखं बोलायला लागले की तू हात वर करून थांबवायचीस. शेवटी मी वैतागून आपल्या अहिराणीत म्हटलं, "या वं माय, बिबडा खावाले," आणि तेच ठेवलंस. तो व्हिडिओ गेला थेट सुरतला, तुझ्या आत्ताच्या सासरच्या गावाला. सुरत-भुसावळ रेल्वेने आपली किती माणसं पोटापाण्यासाठी तिकडे गेली, उधन्यात किती घरं आपली आहेत, हे मला ऐकून माहीत होतं. त्या दिवशी ती माणसं माझ्या मोबाइलमध्ये आली. एका बाईने लिहिलं होतं, "मनी मायनी याद उनी," म्हणजे माझ्या आईची आठवण आली. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मला म्हणाल्या, तिला पैसे न घेता पाठव. पाठवले. त्या बाईने ते तिच्या गल्लीतल्या बायांना वाटले, त्या बायांनी व्हिडिओ एकमेकींना पाठवला, आणि ऑर्डरी यायला लागल्या. लाईकपेक्षा कोणी व्हिडिओ दुसऱ्याला पाठवला याला जास्त किंमत, हे तू आधी सांगितलं होतंस. मला ते तेव्हा पटलं.

मध्यंतरी एकाचा फोन आला. थोड्या पैशांत हजारो फॉलोअर्स देतो म्हणाला. आकडा ऐकून घरातले सगळे हो म्हणत होते. तू स्पष्ट नाही म्हणालीस. म्हणालीस, काकू, यात्रेत टेबलासमोर पुतळे उभे करून धंदा होतो का? ती खाती नकली असतात, ती व्हिडिओ बघत नाहीत, कोणाला पाठवत नाहीत, मग ॲपलाही वाटतं की ही बाई काय दाखवते ते कोणाच्या कामाचं नाही. त्याऐवजी तू मला इनसाइट्स, म्हणजे व्हिडिओ कोणी किती बघितला त्याचे ॲपमधले आकडे, बघायला शिकवलंस. आपल्याला फॉलो न करणाऱ्या किती लोकांपर्यंत व्हिडिओ गेला, किती जणांनी जपून ठेवला, कोणत्या गावची माणसं बघतात. सुरत, पुणे, नाशिक ही नावं मी तिथेच वाचली आणि पाकिटं त्या हिशोबाने भरायला लागले.

2024 च्या फेब्रुवारीत आपल्या अमळनेरला 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. गावोगावची माणसं येणार होती. बिबड्यांचा हंगाम तेव्हा लागलेला नव्हता, म्हणून मी गप्प बसले होते. तूच म्हणालीस की पाहुणे येण्याआधी मोबाइलवर गावाचं नाव टाकून बघतात. मग कळण्याच्या भाकरीचा व्हिडिओ केला. ज्वारीत उडीद कसा मिसळून दळतात, भाकरीबरोबर ठेचा, वर तेल, आणि खाली अमळनेरचं लोकेशन. गूगलवर दुकानाची जागा, वेळ, फोन हेही तेव्हाच नीट करून घेतलंस. पाहुणे विचारत विचारत दारापर्यंत आले, पीठ घेऊन गेले. त्यांतल्या काहींची ऑर्डर अजूनही येते.

तू शिकवलेल्या आणखी काही गोष्टी लिहून ठेवते, कारण ज्या बायका हे वाचतील त्यांना उपयोग होईल. व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप वेगळं असतं आणि फुकट असतं, त्यात कॅटलॉग करून भाव टाकले की दिवसभर तेच तेच सांगावं लागत नाही. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम सगळ्यांना पाठवायचा मेसेज ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो, म्हणून पाकिटात चिठ्ठी ठेवायची, "नंबर सेव्ह करा". पाकिटावर फूड लायसन्सचा 14 आकडी नंबर छापायचा आणि तो व्हिडिओतही दाखवायचा, कारण अनोळखी माणसाचा विश्वास तिथून सुरू होतो. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. आणि कोणी "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका" म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. ही शेवटची गोष्ट मी भिशीत सगळ्या बायांना पाठ करायला लावली आहे.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगितलाच पाहिजे. पुण्याच्या एका ताईंना कुरडयांचं पार्सल पोचलं तेव्हा आत नुसता चुरा होता. त्यांनी फोटो काढून सगळ्यांसमोर कमेंट केली. घरातले म्हणाले, उडवून टाक. तू म्हणालीस, उडवू नका, तिथेच उत्तर द्या. मी लिहिलं, "ताई, तुमचं नुकसान झालं, दुसरं पार्सल आजच निघतंय." मग पुठ्ठ्याचं खोकं, आत भाताचा पेंढा, असं पॅकिंग बदललं आणि ते कसं बदललं त्याचाही व्हिडिओ टाकला. त्या ताईंनी त्याच कमेंटखाली नवीन फोटो टाकला, ताटात तळलेल्या कुरडया. आता कोणी नवीन गिऱ्हाईक आलं की ती कमेंट वाचून येतं. मी ती सगळ्यात वर पिन करून ठेवली आहे.

माझ्याकडे उन्हाळ्यात कामाला येणाऱ्या बायांचे चेहरे विचारल्याशिवाय दाखवायचे नाहीत, हेही तुझंच. ज्यांना नको त्यांचे नुसते हात दिसतात. पहिल्या वर्षी सगळ्या हातच दाखवत होत्या, आता दोघी-तिघी स्वतः होऊन समोर येतात आणि माझ्यापेक्षा छान बोलतात. एकीचा नवरा आधी कुरकुर करायचा. आता तोच गावातल्या लोकांना तिचा व्हिडिओ दाखवत फिरतो.

तुझं लग्न झालं, तू सुरतला गेलीस, तेव्हा मला धाकधूक होती की आता पेज बंद पडणार. पडलं नाही. आठवड्याला दोन-तीन व्हिडिओ मीच करते, कापते, त्याखाली मराठीत लिहिते, दुपारी जेवणं झाली की सगळ्यांना उत्तरं देते. आता बारमाही ऑर्डरी असतात. पावसाळ्यात बायांना घरी बसवावं लागत नाही, मसाल्याचं आणि पिठाचं काम निघतं. हे तुझ्यामुळे आहे, बेटा. तू पैसे घेतले नाहीस, साडी दिली ती सुद्धा आईकडे ठेवून गेलीस. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहिते, म्हणजे तुला परत करता येणार नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येशील तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढून ये. मला यूट्यूबवर मोठा व्हिडिओ टाकायचा आहे, बिबड्यांचा पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि त्याच्यावर आधी दिसतं ते चित्र, थंबनेल, कसं करतात ते कळत नाही. तू नुसतं सांग, दाबेन मी. जावईबापूंना नमस्कार सांग, त्यांना आवडतात म्हणून लसणाचे बिबडे वेगळे काढून ठेवले आहेत.

तुझी,
पापडवाली काकू
अमळनेर