पावसाआधी मोऱ्या उघडा: ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. तो आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातून जातो. त्याच्या आजूबाजूला पाड्यांकडे वळणारे जे रस्ते आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग ही त्यांची कागदावरची नावे. ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात, म्हणजे अखेर आपल्या खात्याकडे. नवा रस्ता मागत नाही. आहेत ते टिकवा.

आमच्याकडचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. डांबर उखडते ते मुख्यतः साचलेल्या पाण्याने. साईडपट्टीवर दरवर्षी गवत माजते, त्यात माती अडकते आणि काही वर्षांत कड रस्त्यापेक्षा उंच होते. मग मधोमध उंचवटा ठेवून दिलेला उतार वाया जातो. पाणी कडेला तुंबते, खालच्या खडीत मुरते आणि वरून भरलेला डंपर गेला की रस्ता फाटतो. मोरीचे, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटेचे, तोंड पालापाचोळ्याने बुजलेले असेल, तर ओहोळ थेट रस्त्यावरून वाट काढतो आणि भराव सोबत नेतो. त्यात आता शहापूर-मुरबाडकडे फार्महाऊसचे प्लॉट पडत आहेत. गेटपर्यंत गाडी नेण्यासाठी कडेचे गटार मुरमाने भरून टाकतात, खाली पाइपसुद्धा घालत नाहीत. एकाच्या गेटपायी अख्ख्या पाड्याचा रस्ता जातो. हे तोंडी समज देऊन थांबणार नाही. बुजवलेले गटार त्याच मालकाच्या खर्चाने उकरायला लावा.

पूर्वी रस्त्यांवर मैलकुली असत. ठरावीक लांबीचा रस्ता एका माणसाच्या ताब्यात असे. फावडे-घमेले घेऊन तो पावसाआधी चर उघडायचा, मोऱ्या मोकळ्या करायचा, खड्डा लहान असतानाच खडी-मुरूम टाकून बुजवायचा. ही पद्धत मागे पडली आणि त्या कामाला वालीच उरला नाही. ती पुन्हा सुरू करा. वीटभट्ट्यांचा हंगाम संपला की कातकरी कुटुंबे पाड्यांवर परततात, नेमका तोच काळ मोऱ्या उघडण्याचा असतो. गावातल्याच माणसांना हे काम आणि वेळेवर मजुरी द्या. यासाठी टेंडर, मशीन काही लागत नाही. लागतो तो देखभालीचा पैसा, पण एप्रिलमध्ये हातात. जुलैत मंजूर झालेल्या पैशातून फक्त खड्डे भरले जातात, आणि भर पावसात भरलेला खड्डा टिकत नाही.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांना बांधणीनंतर पाच वर्षे देखभाल करणे ठेकेदाराला बंधनकारक असते. त्यासाठीचा खर्च करारातच धरलेला असतो. मग दर पावसाळ्याआधी शाखा अभियंत्याने सरपंच आणि ग्रामस्थांना सोबत घेऊन रस्ता पायी पाहावा, आणि गटारे साफ नसतील तर त्या वर्षीचे देखभालीचे बिल काढू नये.

पुलांबद्दल थोडेच लिहिते, पण काळजी सर्वांत जास्त त्यांचीच वाटते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. तो तर राष्ट्रीय महामार्गावरचा पूल होता. आमचे साकव, म्हणजे ओढ्यांवरचे लहान पूल, आणि पुरात पाण्याखाली जाणारे ठेंगणे फरशी पूल कोण, कधी पाहतो, हे गावाला कळत नाही. त्यांच्यावरून मुले शाळेत जातात, बाळंतिणीला दवाखान्यात नेतात. प्रत्येक साकवाची पावसाआधी आणि पावसानंतर पाहणी व्हावी, आणि अहवालाची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. फरशी पुलांवर पाण्याची उंची दाखवणारे रंगीत खांब उभे करावेत. पाणी कुठपर्यंत चढले की गाडी थांबवायची, हे रात्री परक्या चालकालाही दिसले पाहिजे.

येत्या एप्रिलच्या आत ठाणे जिल्ह्यातल्या एका तालुक्यात तरी ही कामे सुरू करण्याचे लेखी आदेश द्यावेत, ही विनंती.

आपली,
शहापूर तालुक्यातील एक रहिवासी